औषधी बागेतील लाल कोळी : निदान, चिकित्सा आणि पथ्य

प्रास्ताविक

वैद्याच्या दारी चार औषधी वनस्पती असाव्यात, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. अंगणात तुळस, विहिरीच्या कडेला पुदिना, कुंपणाला एरंड, एखाद्या वाफ्यात अश्वगंधा, असे चित्र अनेक चिकित्सालयांच्या आवारात दिसते. गेल्या काही वर्षांत फार्मसी-मालकांनी याच्याही पुढे जाऊन शेडनेट आणि हरितगृहात औषधी वनस्पतींची लागवड सुरू केली आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. द्रव्य शुद्ध आणि ताजे हवे असेल, तर ते आपल्या देखरेखीखाली वाढलेले असणे केव्हाही चांगले.

मात्र फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत या बागांना एक उपद्रव हमखास होतो. पाने निस्तेज होतात, त्यांवर पांढुरके बारीक ठिपके पडतात, नंतर शेंड्यांवर तलम जाळी दिसू लागते आणि पंधरा-वीस दिवसांत झाड वाळल्यासारखे होते. ही लाल कोळी या किडीची लक्षणे होत. वांगी, भेंडी किंवा गुलाब पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना ही कीड चांगली ठाऊक आहे. वैद्यवर्गास मात्र ती फारशी परिचित नाही.

कृषिविषयक पुस्तकांत या किडीवरील उपाय दिलेले असताना आपल्या त्रैमासिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की शेतातील वांगे फवारणीनंतर ठरावीक दिवस थांबून तोडले जाते, धुतले जाते आणि शिजवून खाल्ले जाते. तुळशीचे पान आपण सकाळी खुडतो आणि त्याचा स्वरस मधासह लगेच रुग्णास देतो. तो रुग्ण पुष्कळदा दोन-तीन वर्षांचे बालक असतो. म्हणून वांग्यास लागू पडणारा उपाय तुळशीस जसाच्या तसा लागू पडत नाही. औषधी वनस्पतीची चिकित्सा करताना ती वनस्पती पुढे दुसऱ्याची चिकित्सा करणार आहे, याचा विसर पडता कामा नये. प्रस्तुत लेखाचे सारे विवेचन या एका सूत्राभोवती आहे.

एक अनुभव

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःची एक चूक सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी चैत्र महिन्यात चिकित्सालयामागील शेडनेटमधील तुळस आणि पुदिना फिकट पडू लागले. उन्हाळ्याचे दिवस असल्याने पाणी कमी पडत असावे असे वाटले, म्हणून पाणी वाढवले. हिरवेपणा यावा म्हणून थोडा युरियाही दिला. तरी फरक पडेना, तेव्हा एका दुकानातून सर्वसाधारण कीटकनाशकाची बाटली आणून फवारली. आठवडाभर बाग सुधारल्यासारखी दिसली. तिसऱ्या आठवड्यात मात्र प्रत्येक शेंड्यावर जाळी पसरली होती.

त्याच सुमारास एक आजीबाई नातवाच्या खोकल्यासाठी नेहमीप्रमाणे तुळशीची पाने मागावयास आल्या. समोर तुळशीचे पन्नास वाफे असूनही त्यांना पाने देता येईनात, कारण त्यांवर विष फवारलेले होते. "वैद्यबुवा, तुमच्याच तुळशीला औषध लागलं म्हणायचं," असे म्हणून त्या रित्या हाताने परत गेल्या. त्या शब्दांनी हा विषय मुळापासून अभ्यासण्यास भाग पाडले.

नंतर लक्षात आले की या एका प्रसंगात चार चुका झाल्या होत्या. निदान न करता उपाय केला. युरिया देऊन किडीचे पोषण केले. कोळी हा कीटक नसताना कीटकनाशक वापरले. आणि ज्या द्रव्याचा स्वरस द्यावयाचा, त्यावरच विष घातले. पुढील विवेचन या चुकांच्या अनुषंगाने केले आहे.

१. किडीची ओळख

मराठीत कोळी हा शब्द दोन प्राण्यांसाठी वापरला जातो. कोपऱ्यात जाळे विणून माश्या धरणारा मोठा कोळी, म्हणजेच कोष्टी, हा बागेचा मित्र आहे. त्यास मारू नये. येथे विवेचन आहे ते झाडाचा रस शोषणाऱ्या सूक्ष्म कोळ्याचे. त्याचे शास्त्रीय नाव टेट्रानिकस अर्टिकी असे असून पाठीवरील दोन काळसर ठिपक्यांमुळे त्यास दोन ठिपक्यांचा कोळी असेही म्हणतात. रंग पिवळसर हिरवा किंवा तांबडा असतो. उष्ण प्रदेशात तांबडे रूप अधिक आढळते, त्यावरून लाल कोळी हे नाव रूढ झाले.

प्रौढ मादी सुमारे अर्धा मिलिमीटर लांब, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असते. तिला आठ पाय असतात. कीटकास सहा पाय असतात, म्हणून कोळी हा कीटकवर्गात मोडत नाही. तो विंचू आणि गोचीड यांच्या वर्गातील आहे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. अनेक कीटकनाशके कोळ्यावर निष्प्रभ ठरतात, त्याचे एक कारण हा वर्गभेदही आहे.

अंडे, सहा पायांची बाल्यावस्था, आठ पायांच्या दोन कुमारावस्था आणि प्रौढावस्था असा त्याचा जीवनक्रम आहे. दोन अवस्थांमध्ये कात टाकण्यापूर्वी तो काही काळ निश्चल राहतो. अंडी आणि ही निश्चल अवस्था यांवर बहुतेक स्पर्शजन्य उपायांचा परिणाम होत नाही. एकच फवारणी कधीही पुरेशी का होत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

वाढीचा वेग उष्णतेवर अवलंबून असतो. २० अंश सेल्सिअसला एक पिढी पूर्ण होण्यास सुमारे अडीच आठवडे लागतात. ३० अंशांच्या आसपास हाच काळ आठ-दहा दिवसांवर येतो. एक मादी आयुष्यात साधारणपणे शंभर अंडी घालते. नराशी संयोग न झाल्यासही ती अंडी घालू शकते, आणि अशा अंड्यांतून केवळ नर जन्मतात. त्यामुळे एकटी मादीही नव्या झाडावर वसाहत उभी करू शकते. चैत्रातील उन्हात चार पानांवरची कीड पाहता पाहता साऱ्या शेडनेटभर का पसरते, हे यावरून ध्यानात येईल.

२. अनुकूल हेतू

हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर हा कोळी जगतो. आपल्या बागेतील अश्वगंधा, एरंड, धोत्रा, पुदिना, तुळस, गुलाब आणि मोगरा यांकडे विशेष लक्ष ठेवावे. त्याच्या वाढीस साहाय्यभूत होणारे प्रमुख हेतू असे :

(अ) उष्ण व कोरडी हवा. पावसाळ्यात पर्जन्याच्या माऱ्याने आणि आर्द्रतेने कीड घटते. हरितगृहात पाऊस पानांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तेथे ती वर्षभर राहू शकते.

(आ) धूळ. रस्त्याकडेच्या आणि धुळीने माखलेल्या झाडांवर प्रादुर्भाव अधिक आढळतो. धुळीमुळे कोळ्याच्या भक्षकांना अडथळा होतो.

(इ) पाण्याचा ताण. तहानलेले झाड लवकर बळी पडते.

(ई) नत्राचा अतिरेक. युरियासारख्या खतांनी पाने कोवळी व लुसलुशीत होतात आणि कोळ्याची प्रजननक्षमता वाढते.

(उ) अनाठायी कीटकनाशके. याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

३. लक्षणे आणि सापेक्ष निदान

कोळी पानाच्या खालच्या बाजूस राहतो. सुईसारख्या मुखावयवांनी तो पानातील पेशी भेदून त्यांतील हरितद्रव्यासह रस शोषतो. प्रत्येक रिकाम्या पेशीसमूहाच्या जागी वरच्या बाजूस टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका दिसतो. ठिपके वाढत जाऊन पान पांढुरके, पिवळट व शेवटी तांबूस होते आणि गळते. प्रादुर्भाव तीव्र झाल्यावर शेंड्यांवर व पानांच्या बेचक्यांत जाळी दिसते. जाळी दिसू लागणे ही प्रारंभीची खूण नव्हे. व्याधी उपद्रवावस्थेत गेल्याची ती खूण आहे.

पुढील विकृतींशी गल्लत होण्याचा संभव असतो :

पोषणद्रव्यांची कमतरता : शिरा हिरव्या राहून मधला भाग सारखा पिवळा होतो. सुटे ठिपके नसतात आणि पानामागे काहीही हालचाल दिसत नाही.

फुलकिडे : पानावर चंदेरी ओरखडे उमटतात आणि त्यांत विष्ठेचे काळे कण दिसतात.

तुळशीवरील जाळीदार पंखांचा ढेकूण : पाने वळतात व सुकतात. मागील बाजूस काळे डाग असतात. हा कीटक दोन-तीन मिलिमीटर लांब असल्याने नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तुळशीवर हा वारंवार आढळतो, म्हणून तुळस वाळली की कोळीच असे समजू नये.

भुरी : पांढरी पूड बोटाने पुसली जाते. कोळ्याने टाकलेली कातही पानामागे पांढऱ्या धुळीसारखी दिसते, म्हणून भिंगाने खात्री करावी.

४. परीक्षणाची पद्धत

नाडी पाहिल्यावाचून आपण औषध देत नाही. येथेही तीच शिस्त पाळावी. दहा पट मोठे दाखवणारे एक साधे भिंग आणि पांढरा कागद एवढी सामग्री पुरेशी आहे. आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा, बागेतील निरनिराळ्या ठिकाणची दहा झाडे निवडावीत. प्रत्येक झाडाचे खालचे, मधले व वरचे असे तीन पान उलटून भिंगाखाली पाहावे. तीस पानांपैकी किती पानांवर जिवंत कोळी आहेत, ते वहीत तारखेसह लिहावे.

फांदीखाली कागद धरून ती दोन-तीनदा झटकली, तर सरपटणारे कण कागदावर पडतात. त्यांपैकी संथ चालणारे ते उपद्रवी कोळी होत. नासपतीच्या आकाराचे, चकचकीत, ठिपके नसलेले आणि भरभर धावणारे असतील, तर ते बहुधा त्यांना खाणारे भक्षक कोळी असतात. दोन्ही दिसल्यास विशेष आनंद मानावा आणि फवारणीचा हात आवरावा.

प्रस्तुत लेखक असा नियम पाळतो : तीसपैकी तीन पानांपर्यंत कोळी आढळल्यास केवळ पाने खुडणे व धुणे, त्याहून अधिक पानांवर आढळल्यास निंबप्रयोग, आणि जाळी पसरली असल्यास ते झाड कापून नव्या फुटव्यावर आणणे. हा नियम स्वतःच्या बागेतील अनुभवाचा आहे. वाचकांनी आपल्या बागेनुसार त्यात बदल करावा.

५. चिकित्सा

निदानपरिवर्जन : हेतूंचा त्याग ही चिकित्सेची पहिली पायरी येथेही लागू पडते. बाहेरून आणलेले रोप दोन आठवडे वेगळे ठेवून मगच बागेत न्यावे. शेडनेटलगत एरंड व धोत्रा लावू नयेत. ही दोन्ही द्रव्ये आपणास हवी असतात, पण ती दूरच्या कोपऱ्यात असावीत. वाटेवर पाणी शिंपडून धूळ बसवावी. युरियाऐवजी चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत द्यावे. बागेत काम करणाऱ्याने निरोगी भागातील काम आधी आणि बाधित भागातील काम शेवटी करावे, कारण कोळी कपड्यांना व हातांना चिकटून पसरतो. तो जाळ्याच्या धाग्याला लटकून वाऱ्याबरोबरही जातो.

छेदन : बाधित पाने व फांद्या काढून पिशवीत बंद कराव्यात आणि बागेपासून दूर खोल पुराव्यात. त्या खताच्या उघड्या ढिगावर टाकू नयेत. दारच्या तुळशीला कात्री लावण्यास घरातील मंडळी बिचकतात. परंतु मंजिऱ्या खुडल्याने तुळस जशी बहरते, तशीच योग्य छाटणीनेही ती नव्याने फुटते, हे त्यांना समजावून सांगावे.

प्रक्षालन : साधे पाणी हा या किडीवरील सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. सकाळच्या वेळी पानांच्या खालच्या बाजूवर जोरकस फवारा मारावा, म्हणजे कोळी, जाळी व धूळ निघून जाते. पान फाटणार नाही इतपतच जोर असावा. उष्ण हवेत अंडी तीन ते पाच दिवसांत उबतात. म्हणून चार-चार दिवसांच्या अंतराने किमान तीन वेळा धुवावे, जेणेकरून नव्याने बाहेर आलेली पिढी अंडी घालण्यापूर्वीच धुतली जाईल. संध्याकाळी धुतल्यास पाने रात्रभर ओली राहून बुरशी येण्याचा संभव असतो. घरगुती कुंड्यांमध्ये पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

निंबप्रयोग : प्रक्षालनाने कीड आटोक्यात न आल्यास निंबाकडे वळावे. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी दाट फडक्यातून गाळून घ्यावी आणि एकूण दहा लिटर होईल इतके पाणी घालावे. निंबतेल वापरावयाचे असल्यास एक लिटर पाण्यास पाच मिलिलिटर तेल पुरेसे होते. तेल पाण्यात मिसळत नाही. म्हणून मूठभर रिठे रात्रभर भिजवून केलेल्या पाण्यात ते आधी दुधासारखे होईपर्यंत घुसळावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पाने भाजतात. प्रथम दोन-चार पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहावी. फवारणी सायंकाळी, पानाच्या खालच्या बाजूस करावी आणि पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा करावी. निंबातील अझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशात लवकर विघटित होते, हे सायंकाळ निवडण्याचे एक कारण आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हा समज आपल्या रुग्णांमध्ये आहेच, क्वचित आपल्यातही असतो. निंबतेल लहान बालकांच्या पोटात गेल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. म्हणून निंबतेल फवारलेली तुळस स्वरसासाठी लगेच वापरू नये. प्रस्तुत लेखक शेवटच्या फवारणीनंतर येणारा नवा फुटवाच औषधासाठी घेतो, जुनी पाने घेत नाही.

गंधक : पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक काही प्रकारच्या कोळ्यांवर व भुरीवर वापरले जाते. रसशास्त्राशी परिचित असल्याने आपल्यास हा उपाय जवळचा वाटतो. परंतु शेतीसाठीचे गंधक हे शोधित गंधक नव्हे, हे औषधशाळेतील कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगावे आणि त्याची साठवण औषधी गंधकापासून वेगळ्या खोलीत करावी. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक फवारल्यास पाने करपतात. आपल्याकडे या किडीचा जोर नेमका त्याच दिवसांत असल्याने त्याची उपयुक्तता मर्यादित होते. निंबतेलाच्या फवारणीनंतर किमान तीन आठवडे गंधक वापरू नये. शिवाय ते भक्षक कोळ्यांनाही मारक ठरते.

मित्रजीव : कोळ्याचे निसर्गदत्त शत्रू पुष्कळ आहेत. स्टेथोरस हा जेमतेम दीड मिलिमीटरचा काळा भुंगेरा, पंखांवर सहा ठिपके असलेला भक्षक फुलकिडा आणि निओसेइयुलस लाँगिस्पिनोसस हा आपल्याकडील भक्षक कोळी हे त्यांपैकी प्रमुख होत.

भक्षक कोळ्यांच्या वापराचा इतिहास उद्बोधक आहे. १९५८ मध्ये चिली देशातून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर फायटोसेइयुलस पर्सिमिलिस हा भक्षक कोळी योगायोगाने येऊन पोहोचला. उपद्रवी कोळ्यावरच जगणारा हा जीव पुढे युरोपातील काकडीच्या हरितगृहांत मुद्दाम सोडला जाऊ लागला. १९६७ मध्ये नेदरलँड्समधील यान कॉपर्ट या काकडी उत्पादकाने त्याची पैदास हाती घेतली आणि त्यातून एक नवा उद्योग उभा राहिला. हा भक्षक समशीतोष्ण व दमट हवेत उत्तम काम करतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून येथील हवेस सरावलेले, बागेत आपणहून येणारे भक्षक जपणे हेच आपल्या हिताचे आहे. त्यांना जपणे म्हणजे मुख्यतः त्यांच्यावर विष न फवारणे.

६. अपथ्य : अनाठायी कीटकनाशके

दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी.चा वापर वाढला आणि त्यानंतर अनेक देशांत कोळी ही दुय्यम कीड प्रमुख उपद्रव बनली. कारण उघड आहे. विषाने भक्षक मेले आणि कोळी उरला. सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे आणि इमिडाक्लोप्रिड यांच्या वापरानंतर कोळ्याचा उद्रेक झाल्याची उदाहरणे अनेक पिकांत आढळली आहेत. प्रस्तुत लेखकाच्या शेडनेटमध्ये घडले ते याच स्वरूपाचे होते. लक्षण दबले, व्याधी बळावला.

खास कोळ्यासाठीची औषधे, म्हणजे कोळीनाशके, वेगळी असतात. त्यांच्याबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, या कोळ्याने नव्वदाहून अधिक रासायनिक द्रव्यांना प्रतिकारशक्ती दाखवल्याची नोंद आहे. त्यामुळे एकच औषध पुन्हा पुन्हा मारल्यास ते निरुपयोगी होते. दुसरी, अबामेक्टिनसारखी काही औषधे पानाच्या आत शिरतात. पान धुतल्याने ती निघत नाहीत. तिसरी, प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर ते कोणत्या पिकासाठी मान्य आहे आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करावी, हे छापलेले असते. तो प्रतीक्षाकाल त्या पिकापुरताच असतो. वांग्यासाठी लिहिलेले दिवस तुळशीच्या स्वरसास लावणे म्हणजे प्रौढाची मात्रा बालकास देण्यासारखे आहे.

जुन्या पुस्तकांत कोळ्यासाठी डायकोफॉलचा सल्ला सर्रास आढळतो. हे द्रव्य डी.डी.टी.पासून बनवले जात असे. भारतात २०२३ मध्ये त्यावर बंदी घालण्यात आली आहे. घरात वा गोदामात जुनी बाटली शिल्लक असल्यास ती वापरू नये.

यास्तव ज्या वनस्पतीचे पान, फूल वा कोवळा शेंडा ताजा वापरावयाचा आहे, तिच्यावर रासायनिक कोळीनाशक वापरू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. कीड हाताबाहेर गेल्यास झाड उपटावे आणि नवे लावावे. तुळशीचे रोप दोन-अडीच महिन्यांत पुन्हा पाने देते.

७. फार्मसी-मालकांसाठी विशेष : गुलकंदाचा गुलाब

हा विषय बागेपुरता मर्यादित नाही. भावप्रकाशात शतपत्री, तरुणी इत्यादी नावांनी वर्णिलेले गुलाबपुष्प आपण गुलकंदासाठी वापरतो. त्यासाठी सुगंधी, पातळ पाकळ्यांचा गावठी गुलाब हवा. परंतु तो महाग पडतो व मोसमातच मिळतो. त्यामुळे फुलबाजारात उरलेले लांब दांड्याचे गुलाब किंवा देवळातील निर्माल्याच्या पाकळ्या घेण्याचा मोह होतो.

पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे परिसरातील हरितगृहांत होणारी गुलाबशेती आपल्या राज्याचे भूषण आहे. पण हरितगृहातील गुलाबावर लाल कोळी ही मोठी कीड असल्याने शोभेच्या गुलाबावर कोळीनाशकांच्या फवारण्या कराव्या लागतात. यात त्या उत्पादकांचा दोष नाही, कारण त्यांचे फूल खाण्यासाठी नसतेच. ते खाण्याच्या पदार्थात घालणाऱ्याचा दोष आहे. गुलकंदात पाकळ्या शिजत नाहीत. खडीसाखरेसह थर देऊन त्या उन्हात ठेवल्या जातात. धुण्याने वा उन्हाने विषाचे अंश निघून जातील, असे गृहीत धरता येत नाही. आणि हा गुलकंद आपण गर्भिणीस व बालकांस निःशंकपणे देतो.

म्हणून पुरवठादारास पुढील प्रश्न लेखी विचारावेत : (१) हा गुलाब कोणत्या जातीचा व कोणत्या गावचा? (२) फूल खाण्यासाठी पिकवले की शोभेसाठी? (३) तोडणीपूर्वीच्या दोन महिन्यांत काय फवारले व केव्हा? उत्तर न मिळाल्यास माल परत करावा. मोठ्या खरेदीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी करून घ्यावी. कच्च्या मालाच्या नोंदी ठेवणे हे शेड्यूल टी नुसार आपले कर्तव्य आहेच. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधी वनस्पतींच्या लागवड व संकलनाविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अशा नोंदींवर भर आहे.

स्वतःची बाग असणाऱ्यांनी एक फवारणी-वही ठेवावी. तीत तारीख, वनस्पती, वापरलेले द्रव्य, प्रमाण, कारण आणि त्यानंतरची पहिली खुडणी हे सहा रकाने असावेत. साधे पाणी मारले, तरी लिहावे. औषधाच्या बॅच क्रमांकावरून ही वही मागे उघडता आली पाहिजे.

उपसंहार

सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात वृक्षांच्या व्याधींचाही वात, पित्त, कफ या दृष्टीने विचार केला आहे. आजचा सूक्ष्म कोळी त्या ग्रंथात शोधून काढण्याचा अट्टहास नको. पण झाड हाही रुग्ण असतो, त्याचे हेतू शोधावे लागतात आणि त्यास पथ्य सांभाळावे लागते, ही दृष्टी आपणास परंपरेने लाभलेली आहे. तिला भिंगाची व नोंदवहीची जोड दिली, तर बहुतेक वेळा विषाची बाटली उघडण्याचा प्रसंग येत नाही.

सांप्रत लेखकाच्या शेडनेटमध्ये दर बुधवारी तीस पाने उलटून पाहिली जातात. कोळी अजूनही येतो. पुढेही येत राहील. मात्र पाने मागावयास आलेल्या कोणासही त्या प्रसंगानंतर रित्या हाताने परतावे लागलेले नाही.

स्वाध्याय

१. कोळी व कीटक यांतील भेद चिकित्सेच्या दृष्टीने का महत्त्वाचा आहे?
२. भुरी, फुलकिडे आणि लाल कोळी यांचे सापेक्ष निदान भिंगाच्या साहाय्याने कसे कराल?
३. पाण्याचे प्रक्षालन चार दिवसांच्या अंतराने तीन वेळा करण्यामागील कारण स्पष्ट करा.
४. निंबतेलाची फवारणी केलेल्या तुळशीची पाने बालकास देण्यापूर्वी कोणती दक्षता घ्याल?
५. आपल्या फार्मसीत येणाऱ्या गुलाबपाकळ्यांचा उगम शोधून त्याची एक पानाची नोंद तयार करा.